जुन्या संगणकावर ब्राउझर अडला असतां काय पाहावें ?
(लेखक : एक सेवानिवृत्त अव्वल कारकून)

सातबाराचा उतारा, आठ-अ, महाडीबीटीवरील योजनांचे अर्ज, पीकविमा, बाजारभाव, बँकेचा हिशेब हीं सर्व कामें हल्लीं ब्राउझरच्या द्वारें होतात. ब्राउझर म्हणजे इंटरनेटवरील संकेतस्थळ उघडून दाखविणारा संगणकांतील कार्यक्रम. क्रोम व फायरफॉक्स हे त्यांपैकीं आपल्या परिचयाचे होत. पुष्कळ शेतकरी बंधूंच्या घरीं मुलांच्या शिक्षणासाठीं घेतलेला दहा-बारा वर्षांचा संगणक असतो. तो ऐन मुदतीच्या दिवशीं अडला म्हणजे जी धांदल उडते, ती ज्यास त्यासच ठाऊक. अशा वेळीं कोणत्या क्रमानें तपास करावा, हें सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे. मी संगणकाचा कारागीर नव्हें. परंतु दप्तराच्या नोकरींत कागद क्रमवार तपासण्याची जी संवय लागली, तिचा येथें उपयोग झाला.

प्रथम माझीच गोष्ट सांगतों. दोन वर्षांपूर्वीं आमच्या शेजारच्या एका शेतकरी गृहस्थांचा अनुदानाचा अर्ज भरावयाचा होता व मुदत संपावयास दोनच दिवस उरले होते. माझ्या संगणकावर कोणतेंही संकेतस्थळ उघडावें तों पडद्यावर इंग्रजींत इशारा येई कीं, ही जोडणी सुरक्षित नाहीं. दुरुस्तीवाल्यानें यंत्र पाहून सांगितलें, ‘काका, हा संगणक आतां कामांतून गेला; नवा घ्या.’ पुतण्या रात्रीं घरीं आला. त्यानें इशाऱ्याखालचा मजकूर नीट वाचला व म्हणाला, ‘काका, घड्याळ पाहिलेंत का ?’ कोपऱ्यांतील तारीख १ जानेवारी २०१० अशी होती ! ती दुरुस्त करतांच सर्व संकेतस्थळें उघडलीं व अर्ज गेला. नव्या यंत्राचे हजारों रुपये वांचले; खर्च झाला तो एका लहानशा सेलचा. इशारा माझ्या डोळ्यांसमोर दोन दिवस होता, पण मीं तो वाचला नव्हता, हा दोष माझाच.

दोष कोठें आहे तें आधीं ठरवा

विहिरीवरील पंप पाणी देईना, तर आपण लगेच मोटार खोलीत नाहीं. वीज आहे कीं नाहीं, फ्यूज शाबूत आहे कीं नाहीं, फूट-व्हॉल्व्ह धरतो कीं नाहीं, हें आधीं पाहतों. येथेंही तोच न्याय लागू आहे. तीन परीक्षा कराव्या. पहिली, त्याच ब्राउझरांत दुसरें एखादें संकेतस्थळ उघडून पाहावें. दुसरें उघडलें व हवें तेंच उघडलें नाहीं, तर तेंच संकेतस्थळ मोबाइलवर पाहावें. तेथेंही उघडत नसेल तर दोष बहुधा पलीकडचा आहे. मुदतीच्या दिवसांत सरकारी संकेतस्थळांवर गर्दी होते, तेव्हां पहांटे किंवा रात्रीं उशिरां प्रयत्न करावा. दुसरी, कोणतेंच संकेतस्थळ उघडत नसेल तर जोडणी पाहावी. राउटर बंद करून मिनिटभरानें पुन्हां चालू करावा. तिसरी, जोडणी ठीक असेल तर दुसऱ्या ब्राउझरमध्यें तेंच काम करून पाहावें. दुसऱ्यांत झालें, तर दोष पहिल्या ब्राउझरचा. दोहोंतही न झालें, तर संगणकाचा.

घड्याळ व सनद

प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाजवळ आपली ओळख पटविणारें एक प्रमाणपत्र असतें. त्यास सनद म्हणूं. सनदेवर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते. ब्राउझर ती मुदत आपल्या संगणकाच्या घड्याळाशीं ताडून पाहतो. घड्याळ २०१० साल दाखवीत असेल, तर आजची सनद त्याच्या हिशेबीं अद्याप सुरूच झालेली नसते. सबब तो ती नाकारतो. यासाठीं सुरक्षिततेचा इशारा आला कीं दिवस, महिना, साल व वेळ तपासावी, आणि वेळेचा विभाग भारताचा, म्हणजे साडेपांच तासांचा आहे ना, तेंही पाहावें.

तारीख दुरुस्त करूनही यंत्र बंद केल्यावर पुन्हां मागें जात असेल, तर आंतील सेल संपला असें समजावें. तो नाण्याएवढा, तीन व्होल्टचा असून बहुतेक टेबलावरील संगणकांत सी. आर. २०३२ या जातीचा असतो. बदलतांना वीज पूर्ण तोडावी, डब्याच्या धातूस हात लावून अंगांतील स्थिर वीज उतरवावी, आणि जुना सेल ज्या बाजूनें होता त्याच बाजूनें नवा बसवावा. लॅपटॉपमध्यें मात्र हा सेल पुष्कळदां तारेनें जोडलेला असतो. तें काम जाणत्याकडून करून घ्यावें.

घड्याळ बरोबर असूनही जागोजाग हाच इशारा येत असेल, तर संगणकाजवळची मूळ सनदांची यादी जुनी झालेली असते. ३० सप्टेंबर २०२१ रोजीं अशी एक जुनी मूळ सनद मुदत संपून रद्द झाली, तेव्हां पुष्कळ जुनीं यंत्रें अडलीं. फायरफॉक्स ही यादी स्वतःजवळ बाळगतो. म्हणून अशा वेळीं त्याचा उपयोग होतो.

सांठलेला जुना मजकूर

एकदां पाहिलेलें पान पुन्हां लवकर उघडावें म्हणून ब्राउझर त्याचे तुकडे सांठवून ठेवतो. पलीकडे पान बदललें व आपल्याकडे जुनेंच राहिलें, म्हणजे बटण दाबलें जात नाहीं, पान अर्धवट दिसतें, किंवा लॉगिन केल्यावर पुन्हां लॉगिनच समोर येतें. प्रथम कंट्रोल व एफ ५ हीं दोन्हीं बटणें एकदम दाबावीं. पान नव्यानें येतें. तेवढ्यानें भागलें नाहीं, तर खासगी खिडकी उघडावी. क्रोममध्यें कंट्रोल, शिफ्ट व एन. फायरफॉक्समध्यें कंट्रोल, शिफ्ट व पी. तेथें काम झालें, तर सांठाच दोषी. मग कंट्रोल, शिफ्ट व डिलीट दाबून सांठा पुसावा. मात्र सांठविलेल्या पासवर्डांपुढील खूण आधीं काढावी. ती राहिल्यास पासवर्डही जातील.

उतारा किंवा पावती नव्या खिडकींत उघडावयाची असतां कांहींच उघडत नसेल, तर पत्त्याच्या पट्टीच्या उजव्या टोकाकडे पाहावें. ब्राउझरनें ती खिडकी रोखली असल्यास तेथें लहानशी खूण दिसते. त्या संकेतस्थळापुरतीच परवानगी द्यावी.

तण व ओझें

पिकांत जसें तण, तशीं ब्राउझरमध्यें जोडपुस्त्यांची भर. फुकट कांहीं उतरवून घेतांना त्या नकळत शिरतात, जाहिराती दाखवितात व आपण मागितलेल्या पानाऐवजीं भलतेंच पान उघडतात. त्यांची यादी उघडून ज्या आपण स्वतः घेतल्या नाहींत त्या काढून टाकाव्या.

संथपणाचें कारण मात्र बहुधा स्मृतीची टंचाई हें असतें. दोन जीबी स्मृतीच्या यंत्रावर दहा टॅब उघडणें म्हणजे एका बैलजोडीस दोन नांगर जुंपणें होय. एका वेळीं दोन-तीनच टॅब ठेवावे. क्रोममध्यें शिफ्ट व एस्केप दाबल्यास कोणता टॅब किती स्मृति खातो तें दिसतें. खर्च करावयाचाच तर स्मृति वाढविणें व फिरत्या डिस्कच्या जागीं एसएसडी बसविणें, हे दोन खर्च जुन्या यंत्रास सर्वांत अधिक फळतात.

जुनें झालेलें तें कोणतें ?

कांहीं दोष मात्र वरील उपायांनीं जात नाहींत. विंडोज एक्सपीचा पाठिंबा ८ एप्रिल २०१४ रोजीं, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजीं व विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. विंडोज ७ वर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ति १०९ ही जानेवारी २०२३ मध्यें निघाली. फायरफॉक्सची त्यावरील शेवटची मालिका ११५ ही होय. अशा यंत्रावर नवीं संकेतस्थळें हळूहळू बंद पडत जाणार, व नवे सुरक्षेचे उपायही त्यास मिळणार नाहींत. त्यावर बँकेचें काम करूं नये.

परंतु म्हणून यंत्रच टाकून देण्याचें कारण नाहीं. लिनक्स मिंट ही विनामूल्य कार्यप्रणाली दोन जीबी स्मृतीवर चालते. चार जीबी असल्यास बरें. यंत्र ६४ बिटांचें मात्र पाहिजे. ती पेनड्राइव्हवरून, आंतील कशासही हात न लावतां, चालवून पाहतां येते. आपला प्रिंटर चालतो कीं नाहीं हें तेव्हांच पाहावें, आणि पसंत पडल्यास सर्व कागदांची प्रत बाहेर काढून मगच कायमची बसवावी.

शेवटीं सावधगिरी

यंत्र अडलें म्हणजे मनुष्य घायकुतीस येतो, व ठग नेमके तेव्हांच गांठतात. ‘आपल्या संगणकांत विषाणु शिरला, या नंबरास फोन करा’ अशी खिडकी आली तर फोन करूं नये. ब्राउझर बंद करावा. एखाद्या पानानें ‘ब्राउझर जुना झाला, येथून घ्या’ म्हटलें तरी तेथून घेऊं नये. नवी आवृत्ति ब्राउझरच्या स्वतःच्या मेनूंतून घ्यावी. सुरक्षिततेचा इशारा डावलून बँकेच्या पानावर जाऊं नये. ओटीपी कोणासही सांगूं नये, दुरुस्तीवाल्यासही नाहीं.

असो. पडद्यावरचा इशारा शब्दशः वाचावा, अथवा जाणत्या मुलाकडून वाचवून घ्यावा. मग घड्याळ, जोडणी, दुसरा ब्राउझर, सांठा, जोडपुस्त्या, आवृत्ति या क्रमानें जावें. आणि अर्ज मुदतीच्या शेवटच्या दिवसावर ठेवूं नये. पेरणीस जसा वाफसा पाहून चार दिवस आधीं तयार राहावें लागतें, तसेंच हेंही आहे.