पडद्यावरचा सुरुंग, रानातली फासकी

पीयूसीची परीक्षा संपवून आमचा धाकटा जोयड्याच्या घरी आला तो लॅपटॉप काखेत मारूनच. खेळ ‘कॉल ऑफ ड्यूटी ४’. आहे २००७ सालचा, पण तरुण पोरांना अजून गोड लागतो.

त्यातला ‘क्लेमोर’ नावाचा सुरुंग त्याचा नेहमी फुकट जायचा. दारासमोर उघड्यावर ठेवायचा, आणि त्याच्या दोन तांबड्या रेषा शत्रूला लांबूनच दिसायच्या. मी म्हटलं, “अरे, दाराच्या आत, भिंतीला चिकटवून ठेव. जिना संपतो तिथे वळणाआड ठेव. तोंड वाटेकडे हवं, कारण तो समोरच फुटतो. मिळतात दोनच, एकाने पाठ राखायची, तू पुढे बघायचं.” पुढच्या डावात दोघे सापडले!

आज्जी सुपारी कातरत ऐकत होती. म्हणाली, “मगा, रानात फासकी लावतात डुकरासाठी, आणि सापडतं आपलंच वासरू.”

पोरगं हसलं, “आज्जी, ह्यात आपल्या गड्याला लागत नाही.”

साध्या डावात लागत नाही, हे खरं. पण खरा सुरुंग माणूस ओळखत नाही. म्हणून तर माणसाच्या पायाखाली फुटणाऱ्या सुरुंगांवर बंदी घालणारा ओटावा करार १९९७ साली झाला. भारताची त्यावर सही नाही.

डाव संपला की पडद्यावरचे सुरुंग आपोआप नाहीसे होतात. रानातली फासकी मात्र लावणाऱ्यालाच जाऊन काढावी लागते. एवढं पोराला कळलं, तर सुट्टीतला खेळ वाया गेला नाही.