स्पॅनिश क्रियापद कसें चालवावें

संस्कृतांतील 'वदामि, वदसि, वदति' पाठ केलेल्या विद्यार्थ्यांस स्पॅनिश भाषेंतील वर्तमानकाळ अगदींच परका वाटूं नये. 'आब्लार' म्हणजे बोलणें. (लिहितांना आरंभीं 'ह' येतो, पण तो उच्चारीत नाहींत.) शेवटचा 'आर' काढून उरलेल्या अंगास प्रत्यय लावले कीं आब्लो (मी बोलतों), आब्लास (तूं बोलतोस), आब्ला (तो बोलतो), आब्लामोस (आम्ही बोलतों), आब्लाइस (तुम्ही बोलतां), आब्लान (ते बोलतात) हीं रूपें सिद्ध होतात. 'आब्लामोस' ऐकतांच 'वदामः' व 'आब्लान' ऐकतांच 'वदन्ति' आठवावें. हें साम्य आकस्मिक नव्हे, दोन्ही भाषा एकाच कुळांतील आहेत.

प्रत्ययावरूनच कर्ता कळतो, म्हणून 'यो' म्हणजे 'मी' हा शब्द बहुधा गाळतात. मराठींत 'बोलतों' व 'बोलतें' असा लिंगभेद पडतो. येथें मुलगा बोलो कीं मुलगी, रूप एकच. वडील माणसांस 'उस्तेद' म्हणतात. तें मूळचें 'आपली कृपा' अशा अर्थाचें. म्हणून त्यापुढें तृतीयपुरुषी 'आब्ला' येतें, 'आब्लास' नव्हे.

आमच्या मतें खरी अडचण आघाताची आहे. 'आब्लो' म्हणतांना आघात पहिल्या 'आ'वर द्यावा. तो चुकून शेवटच्या 'ओ'वर गेला, तर 'तो बोलला' असा अर्थ होतो. पुरुषही बदलला आणि काळही! मराठींत आघातानें अर्थ सहसा बदलत नाहीं, त्यामुळें आपला कान येथें बेसावध असतो. 'आब्लामोस' व 'आब्लाइस' या दोन रूपांत मात्र आघात 'ला'वरच द्यावयाचा असतो.