नाईलचे पाणी, परदेशी गहू

कैरो : इथल्या कुठल्याही जुन्या वस्तीत सकाळी बेकरीसमोर रांग दिसते. रेशनचे स्मार्ट कार्ड यंत्रात घालायचे आणि माणशी पाच या हिशोबाने गरम रोट्या घेऊन घरी जायचे. आपल्या भाकरीएवढ्या, कोंडा असलेल्या गव्हाच्या या रोटीला ‘ऐश बलदी’ म्हणतात. सुमारे सात कोटी लोकांना ती सवलतीत मिळते. तीन दशकांहून अधिक काळ तिची किंमत ५ पियास्टर होती. जून २०२४ मध्ये ती २० झाली, म्हणजे आपले जेमतेम ३५-४० पैसे. तरी त्या निर्णयाला हात घालायला सरकारला इतकी वर्षे लागली. जानेवारी १९७७ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सादात यांनी अनुदाने कापली, तेव्हा दोन दिवस शहरे पेटली, कित्येक माणसे मेली आणि निर्णय मागे घ्यावा लागला. २०११ च्या उठावात तहरीर चौकातल्या घोषणेतही स्वातंत्र्य आणि सामाजिक न्याय यांच्या आधी भाकरी होती. ती धास्ती इथल्या राज्यकर्त्यांच्या मनातून गेलेली नाही.

हा गहू येतो कुठून? निम्म्याहून अधिक बाहेरून. कारण पाणी. १९५९ च्या करारात नाईलची सुदानशी वाटणी होऊन इजिप्तच्या वाट्याला वर्षाला ५,५५० कोटी घनमीटर पाणी आले. आपल्या भाषेत सुमारे १,९६० टीएमसी. तेव्हा देशात अडीच कोटींच्या आसपास माणसे होती. फेब्रुवारी २०२० मध्ये दहा कोटींचा टप्पा ओलांडला गेला. पाण्याचा आकडा मात्र तोच आहे. माणशी वर्षाला हजार घनमीटरखाली गेले की टंचाई मानतात. इजिप्त आता सहाशेच्याही खाली आहे. पाऊस जवळपास नाहीच. नदीकाठचा पट्टा आणि त्रिभुज प्रदेश सोडला तर वाळवंट. पाणी वाचवायचे म्हणून भाताच्या लागवडीवर सरकारी मर्यादा आहे, निचऱ्याचे पाणी पुन्हा शेतात फिरवले जाते. ‘दोन पुरेत’ अशी कुटुंबनियोजनाची मोहीमही झाली. जननदर २०१४ मधल्या ३.५ वरून २०२१ मध्ये २.८५ वर आला. हे यश मोठे आहे. पण आधीच जन्मलेल्या तरुण पिढीची तोंडे काही कमी होत नाहीत.

त्यात इथिओपियाने निळ्या नाईलवर बांधलेले महाकाय धरण सप्टेंबर २०२५ मध्ये रीतसर सुरू झाले. साठवण ७,४०० कोटी घनमीटर, म्हणजे इजिप्तच्या वार्षिक हिश्शाहूनही जास्त. पाणी किती आणि कधी सोडायचे, याचा बंधनकारक करार अजून नाही. इथिओपियाला वीज हवी, हे रास्तच. पण दुष्काळी वर्षांचा लेखी नियम नसणे दोन्हीकडच्या शेतकऱ्यांसाठी घातक आहे.

पाणी कमी म्हणून गहू विकत घ्यायचा, तर त्यालाही शांतता लागते. युक्रेन युद्धापूर्वी आयातीचा बहुतांश भाग रशिया आणि युक्रेन या दोघांकडून येई. फेब्रुवारी २०२२ नंतर जहाजे अडली, दर चढले, डॉलर आटले. डॉलरला सुमारे १६ इजिप्शियन पौंड होते, ते मार्च २०२४ मध्ये पन्नासच्या घरात गेले.

दक्षिणेला सुदान आहे. जमीन मुबलक, निळी आणि पांढरी अशा दोन्ही नाईल तिथेच एकत्र येतात, गझिरासारखी प्रचंड सिंचन योजना आहे. पण एप्रिल २०२३ पासून दोन सैन्ये लढत आहेत आणि ऑगस्ट २०२४ मध्ये विस्थापितांच्या झमझम छावणीत दुष्काळ जाहीर झाला. तिथून आलेली कुटुंबे आज कैरोत राहतात. माझ्या मते पाणी, लोकसंख्या आणि राजकीय स्थैर्य या तिन्हींत पहिला क्रमांक स्थैर्याचा. पाणी कमी असलेला इजिप्त आयातीवर तगतो. पाणी असलेला सुदान उपाशी राहतो.

यात भारतही आहे. एप्रिल २०२२ मध्ये इजिप्तने भारताला गव्हाचा पुरवठादार म्हणून मान्यता दिली आणि १३ मे रोजी आपण निर्यात बंद केली. नंतर इजिप्तसाठी कांडला बंदरात भरला जात असलेला माल जाऊ दिला, हे बरे झाले. उलट २०१९ च्या आपल्या कांदाटंचाईत इजिप्तचा कांदा मुंबईच्या बाजारात आला होता, हे वाचकांना आठवत असेल. निर्यातबंदीचा निर्णय आपला हक्क आहे. पण तो रातोरात न घेता समोरच्या गिऱ्हाईकाला निदान एक हंगाम आधी सांगावे, एवढी मागणी आपल्या शेतकरी संघटनांनीही लावून धरावी.