अवतरणातले अवतरण आणि डॉलरची जोडी

गोवा-वसईकडच्या डिसूझा या आडनावाच्या रोमन स्पेलिंगमध्ये 'डी'नंतर ॲपॉस्ट्रॉफी येते. एसक्यूएल या क्वेरीभाषेत नेमके हेच चिन्ह मजकुराचा आरंभ व शेवट दाखवते. त्यामुळे आडनाव 'डी'पाशीच संपले असे समजून डेटाबेस सर्व्हर पुढील अक्षरांवर चूक काढतो. उपाय सोपा आहे : आतले चिन्ह दोनदा लिहायचे.

मात्र हाच मजकूर फंक्शनच्या आत असेल तर? पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेसमध्ये फंक्शन पर्ल, पायथन किंवा त्याच्या स्वतःच्या पीएल-पीजीएसक्यूएल या भाषेत लिहिता येते. मुख्य सर्व्हरला या साऱ्या भाषा उमगत नाहीत; म्हणून फंक्शनचा मजकूर तो बंद लखोट्यासारखा त्या त्या भाषेच्या दुभाष्याकडे सोपवतो. हा लखोटा पूर्वी एकेरी अवतरणचिन्हांचाच असे. साहजिकच आतले प्रत्येक चिन्ह पुन्हा दुप्पट करावे लागे. साध्या शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन, डिसूझांच्या आडनावात चार. फंक्शनच जेव्हा दुसऱ्या फंक्शनचा मजकूर तयार करते, तेव्हा ओळीने दहा चिन्हे लागू शकतात, असे खुद्द अधिकृत माहितीपुस्तिकेतच नमूद आहे! त्यांतले एक निसटले की चूक नेमकी कुठे झाली, हे शोधताना अनुभवी प्रोग्रामरही मेटाकुटीस येई.

जानेवारी २००५ मध्ये आलेल्या ८.० या आवृत्तीने ही कटकट मिटवली. मजकुराच्या आधी व नंतर $$ लिहिले, की आतले काहीही दुप्पट करावे लागत नाही. लखोट्यात आणखी लखोटा हवा असल्यास दोन डॉलरांच्या मध्ये नाव घालायचे, जसे $आतले$. (होय, हे नाव देवनागरीतही चालते.) ही सोय एसक्यूएलच्या मानकात नाही, त्यामुळे दुसऱ्या डेटाबेसकडे वळताना फेरफार करावे लागू शकतात.

एक गैरसमज मात्र धोक्याचा आहे. वापरकर्त्याने भरलेला मजकूर डॉलरांमध्ये घालून क्वेरी जोडली, तर ती सुरक्षित होत नाही. खोडसाळ माणूस तेच $$ टंकून लखोटा मध्येच बंद करील आणि पुढे आपली आज्ञा घुसवील. तेथे मूल्य क्वेरीपासून वेगळे, पॅरामीटर म्हणूनच पाठवावे.

२०२१ च्या १४ व्या आवृत्तीपासून निव्वळ एसक्यूएलमधील फंक्शन अवतरणाविनाही लिहिता येते, आणि त्याची छाननी ते तयार होतानाच होते. इतर भाषांसाठी लखोटा अजूनही लागतोच.