उंचीची ओढ आणि शरीराचा तोल

पुण्यात शिकत असताना मी सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्यात राहात असे. एका संध्याकाळी माळ्याच्या झरोक्यातून कौलांवर चढलो. समोर पर्वती, आजूबाजूला देवळांचे कळस, खाली पेठेची गर्दी! त्या दिवसापासून मला छपरांचा नादच लागला. पुढे एकदा पायाखालचा कुजका वासा मोडला. सुदैवाने खरचटण्यावर निभावले.

जून २०२४ मध्ये पुण्याजवळ जांभूळवाडीला एका ओसाड इमारतीच्या छतावरून केवळ मित्राचा हात धरून लोंबकळणाऱ्या तरुणीची चित्रफीत सर्वत्र पाहिली गेली. पोलिसांनी गुन्हाही नोंदवला. माझ्या पोटात गोळा आला. पण नवल वाटले नाही.

ही ओढ येते कोठून? उंचावर मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून ॲड्रिनॅलिन रक्तात मिसळते. छाती धडधडते, तळहात घामेजतात. धोका टळला की मोठा आनंद वाटतो आणि मन पुन्हा तेच मागते. सरावाने भीती कमी होते, धोका मात्र तेवढाच राहतो.

आपला तोल अंतर्कर्ण, डोळे आणि पाय-सांध्यांतील संवेदना मिळून सांभाळतात. जमिनीवर जवळची भिंत, झाड यांवरून डोळ्यांना अंदाज येतो. उंच कडेवर जवळचे काहीच दिसत नाही, त्यामुळे शरीर अधिक डोलते. धीट माणसाचेही असेच होते. अंधार, शेवाळ किंवा मद्य यांची भर पडली, तर विचारायलाच नको. तीन मजल्यांवरून, म्हणजे सुमारे १० मीटरवरून पडणारा माणूस दीड सेकंदात ताशी ५० किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळतो. सावरायला वेळच नसतो.

कोणी पडलेच, तर त्याला उठवून बसवू नका, पाणी पाजू नका. मणका मोडला असल्यास हलवण्याने कायमचे अपंगत्व येऊ शकते. डोके व मान आहे त्या स्थितीत स्थिर धरा, रक्तस्राव स्वच्छ कापडाने दाबा, श्वासावर लक्ष ठेवा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

पालकहो, मुलाला नुसते रागावून ही ओढ जात नाही. तिला वाट द्यावी लागते. पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढल्या की सारे पुणे दिसते. चढाईच हवी असेल, तर शिवाजीनगरला प्रस्तरारोहणाची कृत्रिम भिंत आहे. तिथे प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, दोर आणि शिरस्त्राण वापरून चढता येते. छाती तिथेही तशीच धडधडते. फरक इतकाच, की हात सुटला तर दोर धरतो.