नियमांची गंमत (भाग ६) : खाणीतले घड्याळ

वसंताच्या पाचव्या दिवशी सकाळी पत्रपेटीत जोजा नावाच्या बड्या कंपनीचे पत्र पडलेले असते. डोंगरातल्या तळ्याजवळ आपल्याच खोदकामामुळे कोसळलेली दरड आता हटवली आहे, आणि हे खोदकाम संपूर्ण कायदेशीर आहे, असे कंपनी कळवते. खुलासा कोणी मागितलेलाच नसतो. पण दरड हटल्यामुळे तिच्यामागची जुनी खाण मोकळी होते आणि चार दिवस वाफ्यांना पाणी घालून कंटाळलेला नवा शेतकरी टिकाव खांद्यावर टाकून तिकडे वळतो.

गेल्या आठवड्यात ‘स्टारड्यू व्हॅली’तली शेती पाहिली, आता जमिनीखाली. एरिक बरोन या अमेरिकन तरुणाने चित्रे, संगीत, संवाद आणि संगणकाची आज्ञावली असे सगळे एकहाती करत चार वर्षांहून अधिक काळ राबून हा खेळ घडवला. फेब्रुवारी २०१६ मध्ये तो आला आणि २०२४ अखेर त्याच्या चार कोटींहून अधिक प्रती खपल्या होत्या. शेतीचा खेळ म्हणून लोक तो विकत घेतात. निम्मे तरी खाणीतच अडकून पडतात.

दारातच मार्लन नावाचा, एका डोळ्यावर पट्टी बांधलेला म्हातारा एक गंजकी तलवार हातात देतो. खाण १२० मजल्यांची आहे. वरच्या मजल्यांवर तांबे, चाळिसाव्यापासून बर्फाळ भागात लोखंड, ऐंशीच्या खाली सोने. दर पाचव्या मजल्यावर लिफ्ट थांबते आणि एकदा तिथवर पोचलेल्याला पुढच्या वेळी थेट तिथे उतरता येते. अधल्यामधल्या मजल्यांची मात्र लिफ्टला आठवण नसते.

खाली जायची शिडी दगडाखाली दडलेली असते, आणि कोणत्या दगडाखाली ते आधी ठरलेले नसते. प्रत्येक दगड फुटला की खेळ मनातल्या मनात फासा टाकतो. मजल्यावर शिल्लक दगड जितके कमी, तितकी शिडी निघण्याची शक्यता जास्त. मजल्यावरचे सगळे राक्षस मारले असतील तर त्यात आणखी थोडी भर. शिवाय त्या दिवसाचे नशीब! ते सकाळी घरच्या टीव्हीवर एक भविष्यवाली बाई सांगते. आपल्याकडच्या दैनिकांतले राशिभविष्य वाचून कोणी नाके मुरडोत, इथे ते चक्क गणितात मिसळलेले आहे. आज आत्मे नाराज आहेत असे बाईने सांगितले, की मुरलेला खेळाडू त्या दिवशी खाणीऐवजी गोठ्याकडे वळतो.

दगडांची कमतरता नाहीच. आज रिकामा केलेला मजला उद्या पुन्हा भरलेला मिळतो. गोव्यातल्या डिचोली-सांग्याकडच्या लोहखनिजाच्या खाणींनी मागे सोडलेले खड्डे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही सोय पाहून हसू येईल. पण बरोनने टंचाई दुसरीकडे ठेवली आहे. खनिज अमाप आहे. तोकडा आहे तो दिवस.

खेळातली दहा मिनिटे म्हणजे आपले सात सेकंद. सकाळी सहाला उठायचे आणि रात्री दोनला, असाल तिथे, कोसळायचे. म्हणजे अख्खा दिवस चौदा मिनिटांचा. त्यात अंगातली ताकद सुरुवातीला २७० आणि टिकावाच्या प्रत्येक घावाला दोन खर्ची पडतात. घाव हुकला तरी पडतात. खाल्ल्याप्यायल्याशिवाय १३५ घावांत माणूस गळाठतो.

रात्रीचा साडेबाराचा सुमार. खेळाडू तेराव्या मजल्यावर आहे. आता परतावे तर उद्या अकराव्यापासून पुन्हा दगड फोडणे आले, कारण लिफ्टच्या लेखी तो अजून दहाव्यावरच आहे. आणखी दोन शिड्या सापडल्या तर पंधरावा कायमचा आपला. पिशवीत एक शिळी भाकरी, घरापर्यंतची पायपीट बाकी. एक दगड फोडला, काही नाही. दुसरा फोडला, राक्षस अंगावर आला. अशा वेळी शहाणपण कोणाला सुचते? दोन वाजले की माणूस आडवा होतो आणि गल्ल्यातले थोडे पैसे जातात. राक्षसांच्या हातून पडला तर पैशांबरोबर पिशवीतल्या काही वस्तूही जातात. त्यांतली एकच, तीही पैसे मोजून, मार्लनकडून सोडवून आणता येते.

वर आणलेले खनिज लगेच कामाला येते असेही नाही. पहिले तांबे सापडले, की दुसऱ्या दिवशी गावचा लोहार क्लिंट भट्टीचा आराखडा घेऊन दारात हजर. भट्टीला २० तुकडे तांब्याचे आणि २५ दगड. पुढे प्रत्येक लगडीला पाच तुकडे खनिज आणि एक कोळसा. तांबे अर्ध्या तासात वितळते, म्हणजे आपल्या एकवीस सेकंदांत. लोखंडाला दोन तास, सोन्याला पाच. पाच लगडी आणि २,००० मोहरा दिल्या की क्लिंट टिकाव तांब्याचा करून देतो. त्यासाठी तो अवजार दोन दिवस ठेवून घेतो. तेवढे दिवस खाण बंद! झारीचेही तसेच, म्हणून जाणते लोक टीव्हीवर उद्याच्या पावसाचा अंदाज ऐकून आदल्या दिवशीच झारी त्याच्याकडे टाकतात.

ब्रिटनच्या ‘रूनस्केप’मध्ये (२००१) २०१९पर्यंत हे गणित उलटे होते. तिथे हजारो खेळाडू एकाच जगात असत, त्यामुळे दगड सामाईक. एकाने खनिज काढले की तो खडक रिता व्हायचा आणि बाकीचे तो भरण्याची वाट पाहत ताटकळायचे. रूनाइट या मौल्यवान धातूचा खडक पुन्हा भरायला कित्येक मिनिटे घ्यायचा आणि तो फोडण्यासाठी खाणकामाची ८५वी पायरी गाठावी लागायची. तिथे भांडण शेजाऱ्याशी, इथे घड्याळाशी.

१२०व्या मजल्यावरच्या पेटीत कवटीची किल्ली मिळते. ती लागते वाळवंटातल्या दुसऱ्या खाणीला. तिथे इरिडियम भरपूर, पण लिफ्ट नाही, तळ नाही, आणि रोज पहिल्या मजल्यापासून सुरुवात. बसचे तिकीट ५०० मोहरांचे आणि चालवणारी पॅम दहा वाजल्याशिवाय येत नाही. म्हणजे सकाळचे चार तास आधीच गेले. मधूनच भुयार सापडते. त्यात उडी मारली की एका दमात तीन ते पंधरा मजले खाली, हाडे खिळखिळी होतात ती वेगळीच.

इथे खेळाडूंनी बरोनच्या नियमांवर कुरघोडी केली आहे. ९९ दगड जमवले की एक जिना बनवता येतो. तो ठेवला की शिडी शोधायचे कामच नाही. त्याहून सोपी वाट वाळवंटातल्या व्यापाऱ्याची. दर रविवारी तो एका जेडच्या खड्यामागे एक जिना देतो. मग शेतावरची अख्खी शेड रत्नांच्या प्रती काढणाऱ्या यंत्रांनी भरून टाकायची, आठवडे-महिने निवांत जेड साठवायचे आणि एका रविवारी शंभर जिने घेऊन वाळवंटातल्या खाणीत शिरायचे. जिना ठेव, उतर, जिना ठेव, उतर. राक्षस वळून पाहीपर्यंत माणूस पुढच्या मजल्यावर. शंभरावा मजला येतो तेव्हा दुपारही कललेली नसते आणि टिकाव पिशवीतून बाहेरही आलेला नसतो.