कंट्रोल ग्रुप कोणता? म्युनिकच्या ऑपेराने पाठवलेली देणगीची पत्रं

पेट किंवा नेटची तयारी करताना कंट्रोल ग्रुपची व्याख्या आपण सगळेच पाठ करतो. पण स्वतःच्या प्रयोगात तो कोणता घ्यायचा, हे ठरवताना भलेभले अडकतात. आजचा पेपर माझ्या विषयातला नाही, अर्थशास्त्रातला आहे. तरीही हा मुद्दा समजून घ्यायला यापेक्षा सोपं उदाहरण मला सापडलेलं नाही.

जर्मनीतल्या म्युनिक शहरात बव्हेरियन स्टेट ऑपेरा ही संस्था आहे. ऑपेरा म्हणजे गाण्यांतून उलगडणारं नाटक, आपल्या संगीत नाटकाचा लांबचा नातेवाईक म्हणा. या संस्थेचा ‘श्ट्युक फ्युर श्ट्युक’ नावाचा एक उपक्रम होता. अपंग मुलं आणि वंचित वस्त्यांतली शाळकरी मुलं यांच्यासाठी छोट्या कार्यशाळा आणि कार्यक्रम घ्यायचे, त्यांना ऑपेरा जवळून अनुभवू द्यायचा, असं त्याचं स्वरूप. त्यासाठी २००६ साली संस्थेने आपल्या सुमारे २५ हजार प्रेक्षकांना देणगीची पत्रं पाठवली. स्टेफन हक आणि इम्रान रसूल या संशोधकांनी या पत्रांचाच प्रयोग केला. पेपर २०११ मध्ये ‘जर्नल ऑफ पब्लिक इकॉनॉमिक्स’मध्ये आला.

एका दात्याने नाव न सांगण्याच्या अटीवर ६० हजार युरो देऊ केले होते. आता प्रश्न असा, की हे पैसे लोकांसमोर कसे मांडले तर बाकीचे जास्त देतील? पत्रांचे सहा प्रकार केले आणि कोणाला कोणतं पत्र जाईल हे रँडम पद्धतीने ठरवलं. आपल्याला त्यातले चार पुरेत:

१. नुसतं आवाहन. मोठ्या दात्याचा उल्लेखच नाही.
२. एका दात्याने ६० हजार युरो दिले आहेत, एवढीच माहिती.
३. तोच दाता, पण तुम्ही जेवढे द्याल त्याच्या निम्मे तो घालणार.
४. तोच दाता, आणि तुम्ही जेवढे द्याल तेवढेच तो घालणार.

तिसऱ्या आणि चौथ्या प्रकाराला मॅचिंग म्हणतात. देणग्या गोळा करणाऱ्या संस्थांमध्ये ही पद्धत फार लोकप्रिय आहे. ‘तुमच्या शंभराचे दोनशे होतील’ म्हटल्यावर लोक जास्त देणार, असंच कोणालाही वाटेल.

प्रत्येक गटात साधारण चार टक्के लोकांनी पैसे पाठवले, म्हणजे प्रतिसादाच्या प्रमाणात फारसा फरक नव्हता. फरक पडला रकमेत. देणाऱ्याने स्वतःच्या खिशातून सरासरी किती दिले ते बघा: पहिल्या गटात ७४ युरो, दुसऱ्यात १३२, तिसऱ्यात १०१ आणि चौथ्यात ९२.

समजा तुमच्याकडे फक्त पहिला आणि चौथा गट आहे. ७४ वरून ९२! मॅचिंगमुळे देणग्या वाढल्या, असा निष्कर्ष काढून तुम्ही मोकळे व्हाल. पण या दोन पत्रांत एक नव्हे, दोन गोष्टी बदलल्या आहेत: मोठा दाता आहे ही बातमी, आणि मॅचिंगची अट. नुसत्या मॅचिंगचा परिणाम हवा असेल, तर चौथ्याची तुलना दुसऱ्याशी करायला हवी. तशी केली की १३२ वरून ९२, म्हणजे उतार दिसतो. सायन्सवाल्यांनी सॉल्व्हंट कंट्रोल आठवावा. औषध डीएमएसओमध्ये विरघळवून पेशींवर घातलं, तर नुसत्या डीएमएसओचा गट लागतोच. इथे दुसरा गट म्हणजे तो डीएमएसओ.

असं का झालं असावं? मोठ्या देणगीची बातमी लोकांना सांगते, की काम भरवशाचं आहे. गणपतीची वर्गणी मागायला निघालेले कार्यकर्ते पावतीपुस्तकातली पहिली पावती मोठ्या रकमेची असावी म्हणून धडपडतात, ते याचसाठी. मॅचिंग मात्र दुसराच हिशेब सुरू करतं. मुलांपर्यंत शंभर युरो पोचावेत असं मनात असेल, तर आता खिशातून पन्नास काढले तरी भागतं. म्हणून माणूस हात थोडा आखडता घेतो.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. चौथ्या गटात ९२ च्या जोडीला दात्याचे ९२ येतात. एकूण सुमारे १८५ झाले, मग १३२ पेक्षा जास्तच की! पण दात्याचे ६० हजार कुठल्याही प्रकारात मिळणारच असतील, तर त्यांना मॅचिंगची कमाई म्हणता येत नाही. नवीन पैसा किती आला, एवढंच मोजायचं. उलट ‘मॅचिंग असेल तरच देईन’ अशी दात्याची खरीच अट असेल, तर मात्र हिशेब बदलतो. तेव्हा डेटा तोच राहतो, पण तुलना कशाशी करायची ते बदलतं.

पेपर वाचताना आणखी दोन प्रश्न वहीत लिहून ठेवा. एक, प्रत्येक गटात पत्रं चारेक हजार असली तरी पैसे देणारे दीडशेच्या आसपासच. अशा वेळी दोनचार मोठ्या देणग्या सरासरी ओढून नेऊ शकतात का? दोन, म्युनिकच्या ऑपेराच्या प्रेक्षकांवर जे दिसलं ते दुसऱ्या शहरात, दुसऱ्या कामासाठी, कमी कमाईच्या लोकांत दिसेल का? हा एक पेपर त्याची हमी देत नाही.

हा सगळा काथ्याकूट कशासाठी, तर पत्रातल्या दोन ओळी चुकल्या की तेवढ्या कार्यशाळा कमी होतात आणि काही मुलं रंगमंचापर्यंत पोचतच नाहीत. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये ‘अमुकचा तमुकवर परिणाम’ असं शीर्षक असेल, तर त्याखाली पेन्सिलीने ‘कशाच्या तुलनेत?’ असं लिहा आणि उत्तर एका वाक्यात द्या. उत्तरात दोन गोष्टी एकदम बदलत असतील, तर मधला एक गट तुम्हाला अजून घ्यायचाय. हे गाइडकडे जाण्याआधीच करा, कारण डेटा गोळा झाल्यावर तो गट परत उभा करता येत नाही.